टेबलावरची बडबड आणि हातातली पानं

टीव्हीवरच्या पोकरबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या वेळी उत्तरं देत आहोत. प्रश्न नो-लिमिट होल्डेम या प्रकाराचे आहेत. यात प्रत्येकाला दोन झाकलेली पानं मिळतात आणि मध्ये सगळ्यांसाठी पाच पानं उघडली जातात. आधी तीन, त्यांना फ्लॉप म्हणतात; चौथं टर्न, पाचवं रिव्हर. प्रत्येक टप्प्याला बोली लागते आणि कोणत्याही बोलीला कोणीही आपल्याकडचं सगळं लावू शकतो.

प्रश्न: समोरच्याच्या हातात काही नाही हे मला घरबसल्या दिसतं. जगज्जेता म्हणवणारा खेळाडू मात्र पाच मिनिटं डोकं धरून बसतो आणि शेवटी चांगली पानं टाकून देतो. हे लोक खरंच तेवढे चांगले असतात का?

तुम्हाला दिसतं, कारण तुम्हाला दाखवलेलं असतं. पोकरच्या स्पर्धा टीव्हीवर १९७०च्या दशकापासून दिसत होत्या, पण झाकलेली पानं कोणालाच दिसत नसल्यानं बघणाऱ्याला फारसं काही कळायचं नाही. हेन्री ओरेनस्टीन या खेळणी बनवणाऱ्या संशोधकानं झाकलेली पानं टिपणाऱ्या कॅमेऱ्याचं पेटंट १९९५ मध्ये घेतलं. ब्रिटनच्या चॅनेल फोरवरच्या ‘लेट नाइट पोकर’नं १९९९ मध्ये टेबलात काच बसवून खालून पानं दाखवली, आणि २००३ मध्ये अमेरिकेत ‘वर्ल्ड पोकर टूर’ सुरू झाल्यावर ही पद्धत सर्रास झाली. तेव्हापासून प्रेक्षकाला खेळाडूपेक्षा जास्त माहिती असते.

खेळाडूच्या जागी बसून हिशेब करा. स्वतःची दोन पानं सोडली तर ५० पानं अज्ञात राहतात आणि त्यातून समोरच्याच्या हाती १,२२५ वेगवेगळ्या जोड्या असू शकतात. फ्लॉप उघडल्यावर त्या १,०८१ होतात. पाचही पानं उघडली तरी ९९० उरतात. पाच मिनिटं चाललेलं असतं ते या ९९० पैकी कोणत्या शक्य आहेत, कोणत्या नाहीत हे आठवून आठवून गाळणं.

एक करून बघा. पडद्याच्या ज्या कोपऱ्यात पानं आणि टक्केवारी दिसते तिथे पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवा. प्रत्येक बोलीनंतर कार्यक्रम थांबवा आणि समोरच्याकडे काय असेल, तुम्ही काय कराल, हे कागदावर लिहा. मग पुठ्ठा काढून ताडून बघा. दहा डावांत तुमचा अंदाज किती वेळा पूर्ण चुकतो ते पाहिलंत की टेबलावरच्या माणसाबद्दलचं मत बदलेल.

दुसरी गोष्ट संकलनाची. हातानं पानं वाटणाऱ्या टेबलावर तासाला साधारण २५ ते ३० डाव होतात. दिवसभरात अडीचशेच्या आसपास डाव झाले तरी तासाभराच्या भागात त्यातले मोजकेच दाखवता येतात. भरलेल्या टेबलावर चांगला खेळाडू चारपैकी तीन किंवा त्याहून जास्त वेळा फ्लॉपच्या आधीच पानं टाकतो, आणि टाकलेली पानं कोणी दाखवत नाही. कौशल्याचा सर्वांत मोठा हिस्सा असा कात्रीखाली जातो. उरतो तो धाडसी थापांचा आणि मोठ्या धक्क्यांचा भाग, म्हणून बघणाऱ्याला वाटतं की पोकर म्हणजे सतत थापा मारणं.

प्रश्न: खेळाडू एकमेकांना प्रश्न विचारतात, टोमणे मारतात, हसवतात. याचा खेळात खरंच उपयोग असतो की तो कॅमेऱ्यासाठी केलेला देखावा?

दोन्ही असतं, पण उपयोग नक्की असतो. मात्र प्रेक्षकाला जे बोलणं उपयोगाचं वाटतं ते बहुधा सर्वांत कमी कामाचं असतं.

बोलण्याचे हेतू तीन. पहिला, माहिती काढणं. मोठी बोली लावून समोरचा गप्प बसलेला असतो. त्याला विचारायचं, ‘फ्लश (एकाच जातीची पाच पानं) पूर्ण झाला का?’, ‘मी पानं टाकली तर दाखवशील?’ उत्तर खरं की खोटं याला फार महत्त्व नसतं. महत्त्व असतं ते उत्तर कसं आलं याला: लगेच आलं की थांबून, आवाज नेहमीचा होता की घसा बसल्यासारखा, नेहमी चार वाक्यं बोलणारा एका शब्दावर आला का. यासाठी त्या माणसाची नेहमीची पट्टी आधी माहीत हवी. म्हणून जाणते खेळाडू डावात नसताना सर्वांत जास्त गप्पा मारतात. प्रवास कसा झाला, जेवण कुठे चांगलं मिळतं, असं काहीही. त्यातून तो माणूस निवांत असताना किती वेगानं बोलतो, डोळे कुठे ठेवतो, हात काय करतात, हे कळतं. ही पट्टी नसेल तर रिव्हरवर विचारलेला प्रश्न फुकट जातो, कारण बदल मोजायला आधार नसतो.

दुसरा हेतू, समोरच्याला कॉल करायला, म्हणजे आपल्या बोलीएवढे पैसे लावायला, किंवा पानं टाकायला लावणं. २००६ ची वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर, म्हणजे पोकरची सर्वांत मोठी स्पर्धामालिका, हिची मुख्य स्पर्धा ८,७७३ खेळाडूंमधून जेमी गोल्डनं जिंकली आणि १ कोटी २० लाख डॉलर मिळवले. तो अखंड बोलायचा, आणि आपल्याकडे काय आहे हे कित्येकदा खरंच सांगून टाकायचा. सतत खोटं बोलणाऱ्याला समोरचा उलटा वाचतो. पण कधी खरं, कधी खोटं सांगणाऱ्यासमोर त्याला आपल्या मूळ अंदाजावर यावं लागतं आणि तो अंदाज बडबडीनं आधीच डळमळलेला असतो. मात्र हे चाललं ते गोल्डकडे चिप्सचा, म्हणजे पैशांच्या जागी लावायच्या चकत्यांचा, डोंगर होता म्हणून. चुकीचा कॉल समोरच्याला स्पर्धेबाहेर काढणार होता, गोल्डला नाही. थोड्या चिप्स असलेल्यानं हीच बडबड केली तर कॉल करणाऱ्याला भीती कसली?

तिसरा हेतू बघणाऱ्याच्या नजरेत येत नाही, आणि आमच्या मते तोच सर्वांत किमती आहे: टेबल हसतंखेळतं ठेवणं. रोख पैशांच्या खेळात फायदा येतो तो कच्च्या खेळाडूंकडून. ते मजा येत असेल तरच बसतात. त्यांनी चुकीचा कॉल करून डाव जिंकला की ‘छान खेळलात’ म्हणणारा व्यावसायिक पुढचे सहा तास त्यांच्यासोबत खेळतो. त्यांना शिकवायला जाणारा स्वतःचंच नुकसान करून घेतो. एकतर पाहुणा उठून जातो किंवा, त्याहून वाईट, शिकतो.

आता एक डाव जवळून. २००३ च्या मुख्य स्पर्धेत शेवटी दोघंच उरले होते: टेनेसीचा २७ वर्षांचा हिशेबनीस क्रिस मनीमेकर आणि मुरलेला व्यावसायिक सॅमी फरहा. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती. फरहाकडे इस्पिकची राणी आणि बदामची नव्वी. फ्लॉपवर इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री, इस्पिकची छक्की. दोघांनीही चेक केलं, म्हणजे बोली न लावता पाळी पुढे दिली. टर्नला इस्पिकची अठ्ठी आली. फरहानं ३ लाखांची बोली लावली, मनीमेकरनं ती ८ लाखांवर नेली, फरहानं कॉल केला. रिव्हरला बदामची तिर्री. मनीमेकरचा ना फ्लश झाला ना सरळ क्रम (ओळीची पाच पानं). हातात फक्त राजा. फरहानं चेक केलं आणि मनीमेकरनं सगळं लावलं.

फरहाकडे नव्व्यांची जोडी होती, म्हणजे डाव त्याचाच होता. त्यानं थेट विचारलंही, तुझा फ्लश हुकला ना? अंदाज अचूक होता. मनीमेकर काही बोलला नाही, हलला नाही. फरहानं विचार करून पानं टाकली. पहिलं बक्षीस, २५ लाख डॉलर, अखेर मनीमेकरला मिळालं.

या डावातून शिकायचं ते मनीमेकरकडून. प्रश्नाला उत्तर द्यायचं बंधन नसतं. विचारणारा कितीही तरबेज असला तरी उत्तर मिळालं नाही तर त्याच्या हाती बोलीचा आकार आणि आधीचे टप्पे एवढंच उरतं, आणि टर्नवरची ती ८ लाखांपर्यंतची वाढ तयार फ्लशसारखी दिसत होती.

प्रश्न: टेबलावर काय बोलायला चालतं आणि काय नाही? खोटं बोलणं नियमात बसतं का?

आपल्या पानांबद्दल थाप मारणं हा खेळाचाच भाग आहे. बंदी वेगळ्या गोष्टींवर असते. डावात दोनपेक्षा जास्त लोक असताना आपल्या किंवा टाकून दिलेल्या पानांबद्दल बोलायचं नाही, कारण त्यानं तिसऱ्याचं नुकसान होतं. फ्लॉपवर दोन राजे आले आणि पानं टाकून बसलेला ‘अरेरे’ म्हणून कपाळाला हात लावतो, तोही याच नियमाचा भंग. दुसऱ्याला सल्ला द्यायचा नाही. एका हातामागे एकच डोकं. डाव चालू असताना पान उघडं करून दाखवलं तर स्पर्धेत शिक्षा होऊ शकते. वर्ल्ड सिरीजमध्ये डाव चालू असताना इंग्रजीतच बोलावं लागतं, म्हणजे दोघांनी तिसऱ्याला न कळणाऱ्या भाषेत संगनमत करू नये. दोघंच उरले असताना किती बोलू द्यायचं, हे त्या त्या स्पर्धेच्या नियमांवर आणि पंचावर असतं.

नवख्यांना महाग पडतो तो दुसराच नियम: आपल्या पाळीला बोललेला शब्द बांधून ठेवतो. ‘कॉल’ म्हणालात की कॉल, ‘रेझ’ म्हणालात की बोली वाढवावीच लागते, चिप्स पुढे सरकवल्या नसल्या तरी. समोर ४०० ची बोली आहे आणि तुम्ही न बोलता १,००० ची एकच चिप टाकली, तर ती वाढ नव्हे, कॉल धरली जाते. थोड्या चिप्स टाकायच्या, समोरच्याचा चेहरा बघायचा आणि मग आणखी टाकायच्या, हेही चालत नाही. म्हणून आकडा आधी तोंडानं सांगा, मग चिप्स एकाच वेळी पुढे करा.

सीमा कुठे ओलांडली जाते ते २०१६ च्या मुख्य स्पर्धेत दिसलं. विल्यम कासूफ हा ब्रिटिश खेळाडू प्रत्येक निर्णयापाशी मिनिटंच्या मिनिटं बोलायचा. निव्वळ नव्वीच्या जोरावर थाप मारून त्यानं राण्यांची जोडी टाकायला लावली होती, म्हणजे पद्धतीत दम होता. पण समोरचा विचार करत असताना त्याला सतत डिवचल्याबद्दल त्याला ताकीद मिळाली, मग एक फेरी टेबलाबाहेर बसण्याची शिक्षाही. या शिक्षेत तुमची पानं वाटून रद्द होतात आणि सक्तीच्या बोल्या तुमच्या चिप्समधून जातच राहतात, त्यामुळे ती नुसती मानहानी नसते. कासूफ सतराव्या क्रमांकावर बाद झाला तो राज्यांच्या जोडीवर, समोर एक्क्यांची जोडी असताना. त्या डावात बोलून काही उपयोग नव्हता.

कोणी मुद्दाम वेळ खात असेल तर टेबलावरचा दुसरा खेळाडू घड्याळ लावायला सांगू शकतो. प्रचलित स्पर्धा-नियमांनुसार मग २५ सेकंद आणि वर ५ सेकंदांची उलटी गणती मिळते. समोर बोली असताना तेवढ्यात निर्णय झाला नाही तर पानं रद्द.

प्रश्न: फिल हेलम्युथ एवढा मोठा खेळाडू असून हरल्यावर लहान मुलासारखा का चिडतो? अहंकार असलेला माणूस या खेळात टिकतो कसा?

हेलम्युथनं १९८९ मध्ये, वयाच्या २४ व्या वर्षी, मुख्य स्पर्धा जिंकली, तीही सलग दोन वर्षं जिंकलेल्या जॉनी चॅनला अंतिम फेरीत हरवून. २०२३ पर्यंत त्याच्याकडे वर्ल्ड सिरीजची १७ ब्रेसलेट, म्हणजे स्पर्धा जिंकल्यावर मिळणारी मनगटी कडी, जमा झाली होती. इतकी दुसऱ्या कोणाकडेच नाहीत. त्याचं चिडणंही तेवढंच प्रसिद्ध. २००८ च्या मुख्य स्पर्धेत दश्शी-चव्वीवर कॉल करणाऱ्याला तो इतकं बोलला की त्याला एक फेरी बाहेर बसण्याची शिक्षा झाली. ती आयोजकांनी नंतर मागे घेतली.

त्याला दुखतं ते कळण्यासारखं आहे. चांगला खेळ आणि निकाल यांचा संबंध पोकरमध्ये एका डावापुरता फार सैल असतो. फ्लॉपच्या आधी एक्क्यांची जोडी राज्यांच्या जोडीशी भिडली तर साधारण ८२ टक्के वेळा एक्के जिंकतात. म्हणजे साडेपाच वेळांत एकदा ते हरतात. एक्क्यांची जोडी २२१ डावांत सरासरी एकदा येते, म्हणजे दिवसभर खेळलं तर जेमतेम एकदा. दिवसातून एकदा आलेली ती जोडी हरली की आपल्यावर अन्याय झाला असं वाटतं. आकडे मात्र म्हणतात की हे व्हायचंच होतं.

अहंकाराचा एक भाग या खेळात लागतो. दोन दिवस काही जमलं नाही तरी तिसऱ्या दिवशी पूर्ण विश्वासानं मोठी थाप मारायची, तर स्वतःवर भरवसा हवाच. घात करतो तो दुसरा भाग, ‘मी याच्याकडून हरू शकत नाही’ हा. त्याला खेळाडू टिल्ट म्हणतात, आणि तो आरडाओरडा करूनच येतो असं नाही. शांत चेहऱ्याचा टिल्ट जास्त महाग पडतो, कारण तो कोणाला, स्वतःलाही, दिसत नाही. त्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. एकाच माणसाशी वैर धरून त्याच्या प्रत्येक डावात शिरणं. एरवी टाकली असती ती पानं ‘बघू तरी’ म्हणून खेळणं. हरणार हे ठाऊक असताना केवळ समोरच्यानं थाप मारली नव्हती ना, याची खात्री करायला शेवटचा कॉल करणं. हा शेवटचा प्रकार सर्वांत जास्त पैसे खातो, कारण रिव्हरवरची बोली बहुधा डावातली सर्वांत मोठी असते.

उपाय मनाचे नाहीत, यांत्रिक आहेत, आणि ते बसण्यापूर्वी ठरवावे लागतात. किती हरल्यावर उठायचं तो आकडा लिहून ठेवा. मोठा डाव हरलात की पुढची एक पूर्ण फेरी फक्त वरच्या प्रतीची पानं खेळा, बाकी न बघता टाका. शक्य असेल तर टेबलापासून उठा, पाणी प्या. डाव आठवत असतानाच फोनमध्ये नोंदवा आणि ‘माझी बोली चुकली होती का?’ हा प्रश्न दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. त्या रात्री त्याचं उत्तर प्रामाणिकपणे मिळत नाही.

हेलम्युथ टिकला तो चिडूनही. आरडाओरडा संपल्यावर पुढच्या डावात तो बहुतेकदा पुन्हा आपल्या आवळलेल्या खेळावर येतो, आणि फुकाच्या कॉलवर पैसे उधळत नाही. त्याची नक्कल करणारे चिडणं उचलतात, पानं टाकणं उचलत नाहीत.

प्रश्न: डॅनियल नेग्रानू हा व्यावसायिक खेळाडू समोरच्याची दोन्ही पानं बोलून दाखवतो. हे कसं जमतं? शिकता येतं का?

शिकता येतं. मात्र तो दोन पानं ओळखत नसतो. तो शक्य जोड्यांची यादी गाळत असतो, आणि टीव्हीवर दिसतं ते त्या गाळणीचं शेवटचं नाव. ‘हाय स्टेक्स पोकर’ या टीव्ही कार्यक्रमाच्या पहिल्या वर्षात, २००६ मध्ये, त्यानं गस हॅन्सन या दुसऱ्या व्यावसायिकाशी खेळलेला डाव यासाठी उत्तम आहे, कारण त्यात वाचन बरोबर होतं आणि तरी तो हरला.

हॅन्सननं २,१०० डॉलरनं सुरुवात केली. नेग्रानूनं छक्क्यांच्या जोडीवर ५,००० केले, हॅन्सननं कॉल केला. पहिली गाळणी इथे: एक्के किंवा राजे असते तर हॅन्सननं बहुधा पुन्हा वाढवलं असतं. फ्लॉप नव्वी-छक्की-पंजी. नेग्रानूकडे तीन छक्क्या झाल्या. हॅन्सननं चेक केलं, नेग्रानूनं ८,००० लावले, हॅन्सननं ते २६,००० वर नेले, नेग्रानूनं कॉल केला. दुसरी गाळणी: अशी वाढ तीन सारखी पानं, दोन जोड्या, अठ्ठी-सत्तीचा सरळ क्रम किंवा जवळ आलेला क्रम असलेला करतो. टर्नला पंजी आली, नेग्रानूचं फुल हाऊस (तीन सारखी पानं आणि एक जोडी) झालं. हॅन्सनची बोली २४,०००, नेग्रानूचा कॉल. रिव्हरला अठ्ठी. हॅन्सनचा चेक, नेग्रानूचे ६५,०००, आणि हॅन्सननं सगळं लावलं: एकूण २,३२,०००.

आता हिशेब. नेग्रानूला आणखी १,६७,००० भरायचे होते आणि भरल्यावर पॉट, म्हणजे मध्ये जमलेली एकूण रक्कम, ५,७५,७०० होणार होता. म्हणजे १०० पैकी २९ वेळा जरी तो पुढे असला तरी कॉल बरोबर ठरत होता. त्याला हरवणाऱ्या जोड्या मोजा. नव्व्यांची जोडी: एक नव्वी टेबलावर, उरल्या तीन, त्यांच्या ३ जोड्या. अठ्ठ्यांच्याही तशाच ३. उरलेल्या दोन पंज्यांची जोडी फक्त १. एकूण ७. त्यांच्यासमोर फुल हाऊस होऊनही नेग्रानूकडून हरतील अशा जोड्या किती? नव्वी-पंजीच्या ६, अठ्ठी-पंजीच्या ६, छक्की-पंजीच्या २. अशा १४ पैकी ३ जरी हॅन्सननं याच पद्धतीनं खेळल्या असत्या, तरी १० पैकी ३ वेळा, म्हणजे ३० टक्के, नेग्रानू जिंकत होता. त्यानं कॉल केला. हॅन्सनकडे ती एकमेव जोडी निघाली, पंज्यांची, चारही पंज्या.

घरी सराव असा करा. डाव संपल्यावर उलटा चाला: प्रत्येक टप्प्यावर समोरच्याच्या शक्य जोड्या कागदावर लिहा आणि मोजा. लक्षात ठेवायचे आकडे थोडे आहेत. कोणतीही ठरावीक जोडी, समजा राण्यांची, ६ प्रकारे येते. एक्का-राजासारखी दोन वेगळी पानं १६ प्रकारे, त्यातली ४ एकाच जातीची. टेबलावर किंवा तुमच्या हातात त्यातलं एक पान दिसलं की जोडीचे ६ चे ३ होतात आणि १६ चे १२. पॉटच्या निम्मी बोली आली तर कॉलसाठी २५ टक्के, पॉटएवढी आली तर ३३ टक्के जिंकण्याची शक्यता लागते. एवढं तोंडपाठ झालं की जोड्या मोजण्याची भीती जाते.

चूक कुठे होते? सुरुवातीलाच एक नाव धरून बसण्यात. ‘याच्याकडे एक्का-राजा आहे’ असं फ्लॉपआधी ठरवलं की पुढची प्रत्येक बोली माणूस त्याच चष्म्यातून बघतो. हाही अहंकारच, पहिला अंदाज सोडवत नाही तो.

प्रश्न: चेहरा वाचता येतो का? काळे चष्मे का घालतात?

चेहऱ्यावर फार विसंबू नका. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी वर्ल्ड सिरीजच्या चित्रफितींचे तुकडे लोकांना दाखवले. फक्त चेहरा बघणाऱ्यांचे अंदाज नाणं उडवण्यापेक्षाही वाईट निघाले. फक्त चिप्स पुढे सरकवणारे हात बघणाऱ्यांचे अंदाज मात्र योगायोगापेक्षा चांगले होते. हालचाल सहज असेल तर पानं चांगली. चेहरा सगळे सांभाळतात, काळे चष्मेही त्यासाठीच; हात सांभाळायचं लक्षात राहत नाही. म्हणून टीव्ही बघतानाही नजर हातांवर ठेवा, आणि स्वतः खेळताना चांगल्या-वाईट पानांवर चिप्स एकाच वेगानं, एकाच पद्धतीनं ठेवायची सवय लावा.

प्रश्न: बडबड आणि माणूस वाचणं हेच खरं कौशल्य असेल तर यंत्र माणसाला हरवू शकणार नाही ना?

हरवलं आहे. जानेवारी २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झालेला लिब्राटस हा प्रोग्राम पिट्सबर्गमध्ये चार व्यावसायिकांशी एकास एक असे एकूण १,२०,००० डाव खेळला आणि स्पष्ट फरकानं जिंकला. २०१९ मध्ये प्लुरिबसनं सहा जणांच्या टेबलावर तेच केलं. त्यांना ना आवाज ऐकू येत होता, ना हात दिसत होते, ना राग येत होता. त्यांच्याकडे होता तो बोलीच्या आकारांचा आणि किती वेळा थाप मारायची याचा पक्का हिशेब. बोलणं त्या पायावरचा वरचा मजला आहे. पाया कच्चा असलेल्याला त्यानं तारलेलं दिसत नाही.

प्रश्न: जुन्या कार्यक्रमांतली ती गप्पांची मैफल आता का दिसत नाही?

त्या काळी कार्यक्रमांचा खर्च ऑनलाइन पोकरच्या कंपन्यांच्या जाहिरातींवर चालायचा, आणि ज्याचा चेहरा लक्षात राहतो त्याला छातीवर बिल्ला लावायचे पैसे मिळायचे. बोलणं हाही कमाईचा भाग होता. १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकी न्याय खात्यानं मोठ्या संकेतस्थळांवर कारवाई केली, प्रायोजक गेले आणि ‘हाय स्टेक्स पोकर’ त्याच वर्षी थांबलं. ते परतलं २०२० च्या डिसेंबरात. मधल्या काळात गणिती प्रोग्रामवर अभ्यास करणारी पिढी आली. तिला ठाऊक आहे की बोलणारा जेवढं काढून घेतो तेवढंच सांडतोही. शिवाय पुष्कळ मोठ्या स्पर्धांत आता प्रत्येक निर्णयाला ३० सेकंदांचं घड्याळ असतं, तेवढ्यात मैफल रंगत नाही.

प्रश्न: मित्रांमध्ये खेळताना आम्ही टीव्हीसारखं बोलतो, पण त्यातून भांडणं होतात. कुठे चुकतंय?

बहुधा दोन ठिकाणी. एक, तुम्ही डावाबद्दल न बोलता माणसाबद्दल बोलता. ‘तुझ्याकडे गुलाम दिसतोय’ हे डावाबद्दल झालं. ‘तुला खेळता येत नाही’ हे माणसाबद्दल. पहिल्यावर कोणी रागावत नाही.

दुसरी चूक स्लो रोल. जिंकणारी पानं हातात आहेत हे पक्कं ठाऊक असताना विचार करतोय असं भासवायचं, समोरच्याला जिंकल्यासारखं वाटू द्यायचं आणि मग सावकाश पानं उघडायची, हे टीव्हीवर मजेचं दिसतं. नियमात त्याला बहुधा शिक्षा नसते, पण खेळाडूंमध्ये तो सर्वांत मोठा उद्धटपणा समजला जातो, आणि टीव्हीवर तो चालतो तो फक्त जुन्या दोस्तांमध्ये, ज्यांच्यात तसं ठरलेलं असतं. बोली वाढवायची की नाही यावर खरोखर विचार करत असाल तर हवा तेवढा वेळ घ्या; तो स्लो रोल नव्हे. मात्र समोरच्यानं सगळं लावलं आहे, पुढे वाढवायला काही उरलेलं नाही आणि हातात फुल हाऊस आहे, तेव्हा लगेच ‘कॉल’ म्हणा आणि त्याच हालचालीत दोन्ही पानं सरळ उघडी ठेवा.